आयरिश लोकांचे मूळ : जनुकीय पुराव्याची चिकित्सा

आयरिश लोकांच्या उगमाची चर्चा दंतकथेपासून सुरू होते. अकराव्या शतकात संकलित झालेल्या ‘लेबर गबाला एरेन’मध्ये मिलच्या पुत्रांनी स्पेनमधून येऊन आयर्लंड जिंकल्याची कथा आहे. स्टीफन ओपनहायमर यांच्या ‘द ओरिजिन्स ऑफ द ब्रिटिश’ (२००६) या ग्रंथाने वेगळ्या मार्गाने तीच दिशा दाखविली. हिमयुगानंतर बास्क प्रदेशातून उत्तरेकडे सरकलेले शिकारी-संकलक हेच ब्रिटिश व आयरिश लोकांचे प्रमुख पूर्वज होत, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

मध्य युरोपातील केल्टांच्या आक्रमणाची रूढ कल्पना या ग्रंथाने तपासून पाहिली, हे त्याचे श्रेय होय. मात्र त्याचा पाया आजच्या लोकांच्या जनुकांवर उभा आहे. पित्याकडून पुत्राकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्राचा ‘आर१बी’ हा गट पश्चिम आयर्लंडमध्ये व बास्क लोकांत विपुल आढळतो, हे खरे. परंतु साम्यावरून स्थलांतराची दिशा व काळ सिद्ध होत नाही. दोघांचा स्रोत तिसराही असू शकतो.

ही शंका प्राचीन डीएनएने खरी ठरविली. डब्लिनचे ट्रिनिटी कॉलेज व बेलफास्टचे क्वीन्स विद्यापीठ यांच्या संशोधकांनी २०१५ मध्ये चार सांगाड्यांचे जनुकसंच प्रसिद्ध केले. बॅलीनाहॅटी येथील सुमारे ५,२०० वर्षांपूर्वीच्या स्त्रीचा वंश मुख्यतः पश्चिम आशियातून आलेल्या शेतकऱ्यांशी जुळला. रॅथलिन बेटावरील सुमारे ४,००० वर्षांपूर्वीच्या तीन पुरुषांत मात्र काळ्या समुद्राच्या उत्तरेकडील गवताळ प्रदेशाचा ठळक अंश दिसला. ‘आर१बी’ही त्यांच्यातच सापडला. २०१९ मधील संशोधनाने स्पेन-पोर्तुगालमध्येही कांस्ययुगात अशाच वंशाचे आगमन दाखविले. म्हणजे बास्क-आयरिश साम्य हे मूळ-शाखा नाते नसून समान वारसा आहे.

तथापि या नव्या पुराव्यालाही मर्यादा आहेत. अस्थींतून वंश कळतो, भाषा कळत नाही. गेलिक भाषा नेमकी केव्हा आली, हे जनुके सांगत नाहीत. शिवाय व्हायकिंग, नॉर्मन आणि सतराव्या शतकातील स्कॉटिश-इंग्रज वसाहतकार यांचीही भर या समाजात पडली. त्यामुळे ‘आयरिश लोकांचे मूळ’ या शब्दप्रयोगातील एकवचनच सदोष ठरते. दंतकथेने एक पूर्वज कल्पिला, ओपनहायमर यांनी एक प्रदेश. प्राचीन अस्थी मात्र एकाहून अधिक आगमनांची साक्ष देतात.