अडला हरी आणि पत्र्याचा योसेफ

जगात न मागता फुकट मिळणाऱ्या वस्तूंमध्ये पहिला नंबर सल्ल्याचा आणि दुसरा अभिप्रायाचा. तिसरा नंबर पूर्वी बँकेच्या कॅलेंडरचा लागत असे. हल्ली ते मागूनही मिळत नाही, हे मी काउंटरच्या आतल्या बाजूने सांगतो आहे.

सल्ला देणाऱ्याला निदान समोरच्या माणसाकडे तरी पाहावं लागतं. अभिप्राय देणाऱ्याला तेवढेही कष्ट नसतात. नाटकाच्या मध्यंतरात बटाटेवडा तोंडात धरून "पहिला अंक जरा लांबला" असं म्हणणारे गृहस्थ नाटकाबद्दल बोलत नसून भुकेबद्दल बोलत असतात. लग्नात "हॉल छान आहे" म्हणणाऱ्या काकूंना मुलगी पसंत पडलेली नसते. तात्पर्य काय, अभिप्रायातून वस्तू कमी कळते आणि माणूस जास्त कळतो. हा सिद्धांत मला अलीकडे एका संगणकाच्या खेळावर घासूनपुसून पाहता आला. आमच्या भाच्याने तो खेळ घरच्या संगणकावर चढवून दिला आणि त्याबरोबर खेळून झालेल्या लोकांची मतंही ऐकवली. त्या मतांचा हा लेखाजोखा.

खेळाचं नाव 'मशिनॅरियम'. जातीने 'पॉइंट अँड क्लिक', म्हणजे पडद्यावरचा बाण एखाद्या वस्तूवर न्यायचा आणि टिचकी मारायची. धावत्या गाड्या नाहीत, वर टिकटिकणारं घड्याळ नाही. एक चित्र, चित्रात एक अडचण आणि अडचणीत तुम्ही. १६ ऑक्टोबर २००९ रोजी तो बाजारात आला. बनवणारी संस्था अमानिता डिझाइन, मुक्काम चेक प्रजासत्ताक. (चेक हा शब्द कानी पडताच माझा हात शिक्क्याकडे गेला, तो आवरला.) संस्थेचा प्रमुख याकुब द्वोर्स्की. याने त्याआधी २००३ मध्ये 'सामोरोस्त' नावाचा असाच एक खेळ प्रागच्या कलाविद्यालयात पदवीचा प्रबंध म्हणून सादर केला होता. आम्हाला बी. कॉम.ला तीन वर्षं ताळेबंद जुळवायला लावलं. त्याऐवजी कोडी रचायला लावली असती तर हजेरीचा प्रश्नच उद्भवला नसता.

'मशिनॅरियम' सात जणांनी मिळून तीन वर्षांत केला आणि तोही स्वतःच्या बचतीतून. जाहिरातीसाठी तरतूद एक हजार डॉलर. कर्जासाठी येणारे प्रकल्प-अहवाल मी रोज पाहतो. त्यांत उद्घाटनाच्या हारतुऱ्यांनाच याहून मोठी रक्कम धरलेली असते.

आता गोष्ट. एका गंजलेल्या यंत्रनगरीबाहेर भंगाराच्या ढिगावर योसेफ नावाचा यंत्रमानव येऊन पडतो, आणि पडतो तो सुट्ट्या भागांत. आधी त्याला जोडायचं, मग शहरात शिरायचं. शहरात काळ्या टोप्या घालणारी एक गुंड टोळी आहे, तिने योसेफची मैत्रीण बर्टा हिला डांबून स्वयंपाकाला जुंपलं आहे, आणि शहराच्या मनोऱ्याला बॉम्ब लावून ठेवला आहे. हे सगळं या पत्र्याच्या पोराने एकट्याने निस्तरायचं. बिचाऱ्याला खिसा नाही; सापडलेली वस्तू तो चक्क गिळतो आणि लागेल तेव्हा पोटातून काढतो. योसेफ हे नावही उगाच ठेवलेलं नाही. कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२० सालच्या 'आर. यू. आर.' या नाटकातून 'रोबो' हा शब्द जगभर पसरला. पण तो शब्द मूळ सुचवला त्याच्या भावाने, योसेफ चापेकने. चेक भाषेतल्या 'रोबोटा'चा अर्थ वेठबिगारी. महिनाअखेरीला काउंटरवर बसलेल्या कुठल्याही माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही.

या खेळावर खेळणाऱ्यांची जी मतं आहेत, त्यांचे मी चार पंथ पाडले आहेत.

पहिला पंथ 'चित्रं सुंदर, संगीत गोड' असं म्हणणाऱ्यांचा. हा पंथ सर्वांत मोठा आणि सर्वांत निरुपद्रवी. त्यांचं खोटं आहे असं मी म्हणत नाही. चित्रं हाताने काढलेली आहेत. वाकलेले पाइप, पोपडे सुटलेल्या भिंती, तेलाचे ओघळ, सगळं जसंच्या तसं. २००९ च्या 'इंडिपेंडंट गेम्स फेस्टिव्हल'मध्ये त्यांना दृश्यकलेचं पारितोषिकही मिळालं. टोमाश द्वोर्झाक ऊर्फ 'फ्लोएक्स' याचं संगीतही असं, की रिकाम्या कारखान्यात रात्रपाळीचा कुणी एकटाच गुणगुणत असावा. पण नुसतं 'चित्रं सुंदर' म्हणणं म्हणजे पत्र वाचून 'अक्षर छान आहे' म्हणण्यासारखं आहे. या खेळात पात्रं एक शब्द बोलत नाहीत. काय हवं, काय दुखतं, ते डोक्यावरच्या फुग्यात चित्राने दाखवतात. म्हणजे इथे चित्र हाच मजकूर आहे, आणि तो वाचायचा असतो.

याचा पुरावा माझ्या घरात आहे. शहराच्या वेशीवर पूल आहे. योसेफला पाहून पुलावरचा पहारेकरी पूल काही खाली करत नाही. मी बराच वेळ जमेल तिथे टिचक्या मारत होतो. आमची सौ. भाजी निवडता निवडता मान वर करून म्हणाली, "अहो, तिथल्या शिपायाच्या डोक्यावर काय आहे ते बघा की आधी. याला तसली टोपी करून द्या." झालं. रस्त्यावरचा शंकू उचलायचा, निळ्या रंगात बुडवायचा, वर दिवा बसवायचा आणि ती टोपी घालून ऐटीत पुलासमोर उभं राहायचं. पूल खाली! गणवेश पाहून दार उघडणारा पहारेकरी जगात सगळीकडे सारखाच. सौ.ला संगणकातलं काही कळत नाही, पण माणसातलं सगळं कळतं, आणि या खेळाला तेवढंच लागतं.

दुसरा पंथ 'कोडी अतर्क्य आहेत' म्हणून कपाळ बडवणाऱ्यांचा. याचं म्हणणं मात्र निम्मं खरं आहे, आणि निम्मं खरं असलेलं मत तपासून पाहावं लागतं. कोडी दोन प्रकारची आहेत. पहिला प्रकार वर सांगितलेल्या टोपीचा. ती कोडी त्या शहरातूनच उगवलेली आहेत. पहारेकरी मूर्ख आहे म्हणून टोपी चालते. दुसरा प्रकार म्हणजे रविवारच्या पुरवणीतून कापून आणून चिकटवलेली कोडी. गुत्त्यात बसलेल्या एका यंत्रमानवाशी आपल्या फुली-गोळ्याच्या थोरल्या भावाचा डाव खेळावा लागतो, पाच सोंगट्या एका ओळीत आणायच्या. तिथे योसेफ योसेफ राहत नाही. तो तुमच्याऐवजी बसलेला कुणीही उमेदवार होतो. हा डाव दुसऱ्या कुठल्याही खेळात नेऊन ठेवला तरी तिथलं काही बिघडणार नाही आणि इथलं काही अडणार नाही. वस्तूवर टीका करायची तर ती इथे करावी. तीन वर्षं मन लावून शहर बांधणाऱ्यांनी मधल्या काही गल्ल्या बाजारातून आयत्या आणल्या आहेत.

याच पंथाची दुसरी तक्रार अशी, की चित्रात शंभर वस्तू, त्यांतली उपयोगाची कुठली ते कळत नाही. हेही खरं. पण त्यावर खेळवाल्यांनी एक नामी उपाय योजला आहे. योसेफचा हात पोचेल तेवढ्याच वस्तूला टिचकी लागू पडते. त्याला लांबवून उंच करता येतं, दाबून बुटका करता येतं. तरी आधी त्याला तिथवर चालवत न्यावंच लागतं. म्हणजे बसल्या जागेवरून सगळ्या पडद्यावर बाण फिरवून नशीब अजमावायची सोय नाही. लोक यावर 'फार हळू चालतो' असं म्हणतात. माझं मत उलट आहे. फडताळाच्या वरच्या फळीवरचा डबा काढायचा तर स्टूल आणावंच लागतं. स्टूल आणताना डब्याचा विचार होतो. या नियमामुळे योसेफ पडद्यावरचा बाण न राहता अंग असलेला जीव होतो. खेळातली सर्वांत हुशार गोष्ट म्हणून मी हिच्याकडे बोट दाखवीन.

तिसरा पंथ 'खेळ फारच लहान आहे' म्हणणाऱ्यांचा. या पंथातली पुष्कळ मंडळी दुसऱ्या पंथाचीही सभासद आहेत, हे लक्षात आल्यावर माझ्यातला हिशेबनीस जागा झाला. कोडी सुटत नाहीत इतकी कठीण, आणि खेळ मात्र चुटकीसरशी संपला! जमा आणि नावे यांचा मेळ बसेना. फरक कुठे आहे ते शोधलं तेव्हा तो 'गाईड' नावाच्या खात्यात सापडला. अडला हरी गाढवाचे पाय धरतो, आणि अडलेला खेळाडू गाईडचे. कुणीतरी सगळी उत्तरं ओळीने लिहून ठेवलेली असतात. ती बघत बघत टिचक्या मारल्या की काही तासांत बर्टा सुटते. शब्दकोड्याची उत्तरं शेजारी ठेवून चौकोन भरले तर कोडं किती वेळ पुरणार? आणि वर तक्रार अशी, की चौकोन कमी होते!

खेळवाल्यांना हा मनुष्यस्वभाव ठाऊक होता. त्यांनी मदतीचे दोन दरवाजे ठेवले. पहिला दिव्याचा, टिचकी मारली की साधारण काय साधायचं आहे ते फुग्यात दिसतं. दुसरा पुस्तकाचा. त्यात त्या दृश्याचं सगळं उत्तर चित्रांनी काढून दिलेलं आहे, मात्र पुस्तकाला कुलूप आहे. कुलूप उघडायला एक वेगळा, मुद्दाम कंटाळवाणा केलेला खेळ खेळावा लागतो. एक किल्ली उडत पुढे न्यायची, वाटेतल्या कोळ्यांवर गोळ्या झाडायच्या, भिंती चुकवायच्या, तेव्हा कुठे पुस्तक उघडतं. आणि दर नव्या दृश्याला ही यातायात पुन्हा. काहींना हा अपमान वाटतो. उत्तर द्यायचं तर सरळ द्या, असं त्यांचं म्हणणं. मला यात एक सभ्यपणा दिसतो. उत्तर नाकारलेलं नाही. फक्त त्याची किंमत एवढी ठेवली आहे की मोजायच्या आधी माणूस म्हणेल, थांबा, आणखी एकदा बघतो. आमच्याकडे मुदत ठेव मुदतीपूर्वी मोडता येते, पण थोडं व्याज कापून. त्या कापलेल्या व्याजाच्या भीतीने कितीतरी ठेवी पुऱ्या मुदतीपर्यंत टिकतात. हे कुलूप त्याच जातीचं आहे.

आणि मुदत पुरी करणाऱ्याला इथे खरोखरच व्याज मिळतं. काही ठिकाणी तुम्ही अडलात, हात बाजूला ठेवून नुसते बसलात, तर योसेफही बसल्या बसल्या विचारात पडतो. त्याच्या डोक्यावर फुगा उमटतो आणि त्यात जुन्या आठवणी चालू लागतात. त्याची आणि बर्टाची, त्या काळ्या टोपीवाल्यांनी त्याला कसं छळलं त्याची. गोष्टीचा बराच जीव तिथे ठेवलेला आहे. गाईडवरून धावणाऱ्याला तो दिसतच नाही. तो मनोऱ्यापर्यंत पोचतो, बॉम्बही काढतो. फक्त आपण हे कुणासाठी केलं ते त्याला नीटसं कळत नाही. मग तो म्हणतो, कथानक पातळ आहे. पातळ कसलं हो, साय तुम्हीच ओतून दिलीत.

चौथा पंथ पैसे न देता खेळलेल्यांचा. संस्थेच्याच अंदाजाप्रमाणे शंभरातल्या जेमतेम पाच ते पंधरा जणांनी हा खेळ विकत घेतला होता. बाकीच्यांनी फुकटच्या नकलेवर काम भागवलं. यावर संस्थेने वकील धाडले नाहीत. ऑगस्ट २०१० मध्ये त्यांनी 'माफी योजना' जाहीर केली. वीस डॉलरचा खेळ पाच डॉलरला, वर संगीतही घ्या, आणि मन हलकं करा. थकबाकीदारांशी एकरकमी तडजोड आम्हीही करतो, पण त्या पत्रांची भाषा इतकी गोड नसते. या चौथ्या पंथाचं मत मी तपासलेलं नाही. मात्र 'पैसे वसूल होत नाहीत' असं म्हणणाऱ्याने आधी पावती दाखवावी, एवढी माझी नम्र सूचना आहे.

माझा स्वतःचा शेरा विचाराल तर असा. गुत्त्यातला डाव आणि त्याच्या भाईबंदांसाठी दहातले दोन गुण मी कापतो. उरलेले आठ त्या टोपीला, त्या आखूड हाताला आणि त्या कुलपाला. हल्ली कुठल्याही प्रश्नाचं उत्तर खिशातला फोन क्षणात देतो. त्यामुळे अडून बसणं ही गोष्टच घरातून नाहीशी होत चालली आहे. आमच्या भाच्याला मी कधी एखाद्या प्रश्नावर पंधरा मिनिटं गप्प बसलेला पाहिला नव्हता. या खेळासमोर पाहिला. सात माणसांनी स्वतःची पुंजी लावून दुसऱ्याला स्वस्थ अडकून बसायची जागा करून दिली, हे काही लहान काम नाही.

तेव्हा खेळायचा असेल तर विकत घ्या, दोघांनी मिळून खेळा, आणि अडलात तर भाजी निवडायला घ्या. शेवट मी सांगणार नाही. तो पुस्तकात आहे, आणि पुस्तकाला कुलूप आहे.