विस्तवाजवळचा लार्गो

विवाल्डीच्या ‘हिवाळा’ या कन्चेर्तोचा मधला भाग मी प्रथम ऐकला तो एका स्नेह्याच्या घरी, ध्वनिमुद्रिकेवर. वादन फारच संथ होते. व्हायोलिन एकेका स्वरावर असे काही रेंगाळत होते की, हे कुणाच्या तरी वियोगाचे गाणे असावे, असे मी मनाशी ठरवून टाकले आणि पुढे कित्येक वर्षे ते तसेच ऐकत आलो. ही समजूत चुकीची होती, हे कळायला त्या रचनेबरोबर छापलेले सुनीत वाचावे लागले. चूक माझी होतीच. पण ती माझ्या एकट्याची नव्हती, असे आता वाटते.

विवाल्डीचा आठवा संग्रह १७२५ साली ॲमस्टरडॅममध्ये छापला गेला. त्यातल्या बारा कन्चेर्तोंपैकी पहिले चार ऋतूंवरचे, आणि प्रत्येकाला एकेक सुनीत जोडलेले. हिवाळ्याच्या सुनीताचा आशय थोडक्यात असा : प्रथम बोचरा वारा, पाय आपटणे, दातांचे कडकडणे, मग विस्तवाजवळ निवांत, समाधानात काढलेले दिवस, आणि त्या वेळी बाहेर पाऊस शेकडो जणांना भिजवतो आहे, शेवटी बर्फावरून जपून टाकलेली पावले. मधला लार्गो म्हणजे ते विस्तवाजवळचे दिवस. तिथे वियोग नाही, अश्रू नाहीत. जे पाणी आहे ते सगळे घराबाहेर.

स्वरांची व्यवस्था पाहिली म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. ‘वसंत’ ई मेजरमध्ये, पण त्याचा मधला भाग सी-शार्प मायनरमध्ये. ‘शरद’ एफ मेजरमध्ये, त्याचा मधला भाग डी मायनरमध्ये. दोन्हीकडे उजेडातून सावलीत जाणे आहे, आणि तेही अगदी सख्ख्या शेजारी. ‘ग्रीष्म’ तर जी मायनर सोडतच नाही. एकट्या हिवाळ्यात उलट घडते. एफ मायनरच्या गारठ्यातून आपण मेजरमध्ये येतो. आणि त्यातही नात्याने जवळचे असलेले ए-फ्लॅट मेजर सोडून विवाल्डी ई-फ्लॅट मेजर निवडतो. ए-फ्लॅटला गेलो असतो तर त्याच घरातल्या दुसऱ्या खोलीत गेल्यासारखे झाले असते. इथे मात्र दार उघडून वेगळ्याच घरात शिरल्यासारखे वाटते.

अमुक स्वरपट्टी म्हणजे अमुक भाव, अशी कोष्टके पश्चिमेकडे पुष्कळांनी मांडली. माटेझोन या जर्मन पंडिताने १७१३ साली ई-फ्लॅट मेजरला गंभीर आणि शोकाकुल ठरवले. पुढे शूबार्टने, ज्याचा ग्रंथ १८०६ साली छापला गेला, त्याच पट्टीत प्रेम आणि भक्ती पाहिली. दोघेही विद्वान! या कोष्टकांवर भरवसा ठेवून हा लार्गो ऐकणारा फसल्याशिवाय राहणार नाही. आपल्याकडच्या रागसमयाच्या सवयीने आपणही असली कोष्टके चटकन स्वीकारतो, म्हणून हे सांगितले. पट्टीचा भाव ती कुठून आली त्यावर ठरतो. एफ मायनरनंतर आलेले हे ई-फ्लॅट ऊबदार आहे, एवढेच खात्रीने म्हणता येईल.

खरा वाद आहे तो लयीचा. ‘लार्गो’ म्हणजे रुंद, विस्तीर्ण. पण किती संथ? पर्सेलने १६८३ साली आपल्या सोनाटांच्या प्रस्तावनेत लार्गोला मध्यम चाल म्हटले आहे. फ्रान्समध्ये ब्रोसारने १७०३ च्या कोशात त्याचा अर्थ अतिशय संथ असा दिला. मेट्रोनोमचा जन्मच मुळी एकोणिसाव्या शतकातला. तेव्हा न्याय रचनेकडेच मागावा लागतो, आणि माझ्या मते तो तिथे मिळतो.

हा भाग अवघ्या अठरा मात्राखंडांचा आहे. प्रत्येकात चार ठोके, म्हणजे सारे मिळून बहात्तर. वर एकटे व्हायोलिन गाते. खाली वृंदातली व्हायोलिने तारा बोटाने छेडून एकेका ठोक्यात चार-चार थेंब पाडतात. व्हायोला लांब स्वर धरून बसतो. मिनिटाला तीस ठोके धरले तर हा भाग जवळजवळ अडीच मिनिटे चालतो आणि सेकंदाला दोनच थेंब पडतात. हा पाऊस नव्हे. पाऊस थांबल्यावरची पागोळी आहे. पंचेचाळीस ठोके धरले की दीड मिनिटात सारे आटोपते, सेकंदाला तीन थेंब पडतात, आणि बाहेर खरोखरच सर कोसळते आहे असे वाटू लागते. गाणे तेच राहते, पण त्याचे हुंदके जातात. व्हायोलाचा तो लांब स्वरही, जो संथ लयीत नुसता ओढल्यासारखा वाटे, आता खोलीतल्या उबेसारखा सगळीकडे पसरतो.

जुन्या धर्तीच्या वाद्यांवर वाजवणाऱ्या वृंदांनी गेल्या अर्धशतकात ही लय पुष्कळ सोडवली, हे त्यांचे ऋण मान्य केले पाहिजे. काही जण मात्र इतके धावतात की विस्तवाजवळ बसलेला माणूस उठून नाचू लागला की काय, असे वाटते. वादकाने गाणाऱ्याचा श्वास विसरू नये.

पण संथ वादनाविषयी माझी तक्रार निव्वळ घड्याळाची नाही. त्या सुनीतात बाहेर भिजणारी शेकडो माणसे आहेत. आतल्याचे सुख त्यांच्या भिजण्याच्या शेजारी ठेवलेले आहे, आणि ते सुख थोडे स्वार्थी आहे, हे विवाल्डी लपवत नाही; त्याचे थेंब गाण्याइतकेच स्पष्ट लिहिलेले आहेत. लय ओढली की थेंब नक्षी होतात, माणसे नाहीशी होतात आणि उरतो तो आपल्याच दुःखावर लुब्ध झालेला एक श्रोता. मी कित्येक वर्षे तोच श्रोता होतो.

शिवाय लार्गो संपला की लगेच बर्फ आहे. तिसऱ्या भागाच्या आरंभी खर्जात एकच लांब स्वर धरलेला असतो, आणि त्याच्यावर व्हायोलिन एकटेच, जपून, घसरत चालू लागते. विस्तवाजवळ जो फार वेळ बसला, त्याला या पहिल्या पावलाची थंडी लागत नाही.