रीलमध्ये आई नसते

आमच्या टीव्ही सेंटरच्या घरात सगळे झोपलेले असताना, रात्री साडेअकराच्या सुमारास, मला एडीएचडी आहे हे मला एका रीलने सांगितलं. सांगणारी मुलगी पंचविशीची असेल, हातात कॉफीचा मग. दूध गॅसवर ठेवून विसरता? समोरच्याचं बोलणं मध्येच तोडता? चार पुस्तकं अर्धी वाचून पडलीत? माझ्या उशाशी त्या वेळी सहा होती. ती रील मी दोनदा पाहिली आणि पुढचे आठ दिवस मोबाइलने मला दुसरं काही दाखवलंच नाही.

मी मराठी शिकवते, त्यामुळे लागोपाठ पन्नासेक रीली पाहिल्यावर मी त्यांच्याकडे साहित्यप्रकार म्हणूनच पाहू लागले. त्यात सगळं द्वितीयपुरुषी असतं. वाक्यं प्रश्नार्थक, आणि प्रश्न असे की बहुतेकांचं उत्तर ‘हो’ यावं. राशिभविष्याचीही रीत हीच. जेरोम के. जेरोमच्या ‘थ्री मेन इन अ बोट’ (१८८९) या कादंबरीतला निवेदक वैद्यकाचं पुस्तक चाळतो आणि एक सोडून सगळे रोग आपल्याला झालेत असं त्याला आढळतं. फरक इतकाच, की त्या पुस्तकाला कोण वाचतंय हे कळत नव्हतं. मोबाइलला कळतं.

तरीही या रीलींना हसून मोकळं होणं मला जमत नाही. आपल्या भाषेत या माणसांसाठी शब्दांचा तुटवडा कधीच नव्हता: वेंधळी, धांदरट, विसरभोळी, पायाला भिंगरी लागलेली. यातला प्रत्येक शब्द शेरा आहे, प्रगतिपुस्तकात लाल शाईने लिहावा तसा. वर्गात बाकावर उड्या मारणारा मुलगा निदान मास्तरांच्या नजरेत तरी यायचा. खिडकीबाहेर बघत गप्प बसलेली मुलगी कुणाच्याच नाही. ‘तू आळशी नाहीस’ हे वाक्य तिला चाळिशीत पहिल्यांदा एखाद्या रीलमधून ऐकायला मिळत असेल, तर त्या रीलचं श्रेय तिला द्यायला हवं.

माझी तक्रार वेगळी आहे. २०२२मध्ये कॅनडातल्या मनोविकारशास्त्राच्या नियतकालिकात एक अभ्यास आला. टिकटॉकवरचे एडीएचडीबद्दलचे सर्वाधिक पाहिले गेलेले १०० व्हिडिओ तपासले, त्यातले ५२ दिशाभूल करणारे निघाले. (टिकटॉक आपल्याकडे २०२०पासून बंद आहे, त्याचा साचा नाही.) पण मला उरलेल्या ४८ व्हिडिओंबद्दल बोलायचं आहे. खरं सांगणाऱ्या रीलमध्येही काळ नसतो. अमेरिकन मनोविकार संघटनेची निदानपुस्तिका, डीएसएम-५, फक्त लक्षणं मोजून थांबत नाही. काही लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधी होती का, ती घरी दिसतात तशी कामावरही दिसतात का, त्यापायी जगणं अडतं का, हे ती विचारते. म्हणजे भूतकाळ लागतो. आणि स्वतःच्या भूतकाळाबद्दल माणसाची साक्ष कच्ची असते, म्हणून दुसरं कुणीतरी लागतं. आलिया भटने २०२४मध्ये आपल्या एडीएचडीबद्दल मुलाखतीत सांगितलं, तेव्हा मला लक्षात राहिलं ते तिच्या मैत्रिणींचं म्हणणं: आम्हाला हे कधीचंच ठाऊक होतं.

सुमित्रा भावे–सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ (२००४) मी पुन्हा पाहिला. आजार वेगळा, स्किझोफ्रेनिया. दोन तासांच्या चित्रपटाशी तीस सेकंदांची तुलना अन्यायाचीच, पण तिथे शेषच्या शेजारी सतत बहीण आहे. तिचा संसार आहे, तिचं थकणं आहे. आजार दोघांच्या मध्ये घडतो. रीलमध्ये तू आणि पडदा, बाकी खोलीत कुणी नाही.

शेवटी क्रांती चौकाजवळच्या एका मनोविकारतज्ज्ञांकडे गेले. मी यादी काढली. त्यांनी ती बाजूला ठेवून विचारलं, “लहानपणी तुम्हाला रोज पाहिलेलं कुणी आहे?”

आई पैठणहून आली. तिला आधी वाटलं, माझं काही ऑपरेशनच आहे. डॉक्टरांनी विचारल्यावर मात्र तिला थांबवावं लागलं. “एका वर्षात तीन डबे हरवले हिने. दप्तर न घेता शाळेत गेली होती एकदा. आणि पुस्तक हातात आलं की हाका मारून घसा बसायचा, ढिम्म.” मग आवाज उतरवून, डॉक्टरांकडे न बघता, “मारलंय मी हिला त्यावरून.”

निदान अजून झालेलं नाही. थायरॉईडची तपासणी, झोपेची नोंद, पुढची तारीख. आई म्हणते ते वेंधळेपण आणि रील म्हणते ते लक्षण, यांतलं माझं कुठलं, हे दोन भेटींत ठरत नाही म्हणे.

परत येताना रिक्षात आई बराच वेळ बोलली नाही. सेव्हन हिल्सच्या पुलावर तिने विचारलं, “तेव्हा कळलं असतं तर काय केलं असतं गं आपण?”

मी म्हटलं, “डबे तरी स्वस्तातले घेतले असते.” ती हसली नाही.