ताटी म्हणजे दार नव्हे

कळमन्याच्या बाजारात संत्री-मिरचीच्या गाड्या ज्याच्यापुढे थांबतात, त्याला कोणी दार म्हणत नाही. ते गेट किंवा फाटक. दार घराला असते. दारात रांगोळी काढतात, दारी तुळस असते. एवढा भेद बोलण्यात पाळणारे आपण मुक्ताबाईंच्या ताटीच्या अभंगांपाशी येतो आणि ‘ताटी म्हणजे दार’ अशी टीप देऊन मोकळे होतो. टीप चुकीची नाही, अपुरी आहे.

दार म्हटले की चौकट, उंबरठा, कडी-कोयंडा आला. ताटी म्हणजे कामट्या, काटक्या, गवत बांधून केलेला आडोसा. विदर्भातल्या शेतझोपड्यांना तुराट्या-पऱ्हाट्यांची अशी ताटी असते. ती हाताने बाजूला सारता येते. तिच्या फटींतून उजेड आत जातो, आवाजही जातो.

आता प्रसंग पाहावा. लोकांच्या बोलण्याने दुखावलेले ज्ञानेश्वर ताटी लावून बसले, अशी परंपरेची कथा. बाहेर धाकटी बहीण. ताटी ढकलणे तिला अशक्य नव्हते. ती ढकलत नाही. आदरार्थी क्रियापद वापरून पुन्हापुन्हा विनवते. आतल्याला प्रत्येक शब्द ऐकू जातो आहे, हे तिला ठाऊक आहे. अडसर ताटीचा नाहीच, मनाचा आहे. आणि तो आतूनच निघायला हवा. ‘दार’ वाचले की हा संयम दिसत नाही, उरते ती केवळ बाहेर राहिलेल्या मुलीची असहायता.

कोणी म्हणेल, गरिबाच्या खोपटाला ताटीच असायची, त्यात एवढे काय शोधायचे? शब्द गरिबीतून आला हे खरे. पण सारे अभंग ज्या विनवणीवर पुन्हा येऊन थांबतात, ती याच शब्दावर उभी आहे.

याच्या शेजारी पंढरपूरचे महाद्वार ठेवावे. चोखोबांची समाधी त्याच्यासमोर, बाहेर. ते द्वार दुखावलेल्याने स्वतःवर लावलेले नव्हते. इतरांनी त्याच्यावर लावले होते. तिथे विनवणी पुरली नाही. 1947 साली साने गुरुजींना उपोषण करावे लागले, तेव्हा ते अस्पृश्य मानलेल्यांसाठी उघडले.

ताटी आतल्याने उघडायची असते, द्वार अडवणाऱ्याने. दोन्हींना ‘दार’ म्हटले, की रुसलेला कोण आणि रोखलेला कोण, हेच कळेनासे होते.