एक्सहोस्ट प्लस: दार उघडलं, पण कुणाला?

कंटेनरमधला प्रोग्रॅम विंडो उघडत नसला की लॅबमध्ये कुणीतरी हमखास सांगतं, ‘एक्सहोस्ट प्लस मार.’ मारलं की विंडो उघडते. पण आपण नक्की केलं काय?

एक्स विंडो सिस्टिम १९८४ साली एमआयटीत सुरू झाली. तिच्यात स्क्रीन, कीबोर्ड आणि माऊस सांभाळतो तो सर्व्हर; विंडो मागणारा प्रोग्रॅम क्लायंट. कोणत्या कॉम्प्युटरवरच्या क्लायंटला आत घ्यायचं, याची यादी एक्सहोस्टने बदलता येते. नुसतं प्लस दिलं की यादी बघणंच बंद. कुणीही या!

माझा पहिला आक्षेप यादीवरच आहे. तिच्यात सहसा मशीनचं नाव जातं, माणसाचं नाही. त्या मशीनवर चाळीस जणांची खाती असली, तर चाळीसही जणांना दार उघडं. एक माणूस, एक मशीन असेल तिथे हे चालून जातं. सामायिक सर्व्हरवर नाही. १२८ बिटांची ‘मॅजिक कुकी’ ही उणीव बरीचशी भरून काढते.

दुसरा आक्षेप मोठा आहे. आत आलेला क्लायंट दुसऱ्या विंडोत टाइप होणारा पासवर्ड वाचू शकतो, स्क्रीनचं चित्रही घेऊ शकतो. कुकी फक्त दारात अडवते. आत खोल्याच नाहीत. २००८ मध्ये सुरू झालेल्या वेलँडने मुळात हीच रचना बदलली.

तोवर प्लस मारलाच असेल, तर ‘एक्सहोस्ट मायनस’ मारा. आधीच आत आलेले मात्र त्याने बाहेर जात नाहीत, हे विसरू नका.