पुस्तकातील घर आणि माळावरील घर

वाङ्मयात वर्णिलेले स्थळ प्रत्यक्ष पाहावे, ही वाचकाची ओढ जुनी आहे. परंतु ते स्थळ त्या वाङ्मयावरूनच नव्याने उभारलेले असेल, तर पाहणारा नेमके काय पाहतो, हा प्रश्न समीक्षेच्या कक्षेत येतो. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात इंडिपेंडन्स गावापासून सुमारे १३ मैलांवर असलेले ओंडक्यांचे घर हे याचे बोलके उदाहरण होय. लॉरा इंगल्स वाइल्डर (१८६७–१९५७) यांच्या ‘लिटल हाउस ऑन द प्रेअरी’ (१९३५) या बालकादंबरीतील वर्णनास अनुसरून ते १९७७ साली बांधण्यात आले. शेजारची हाताने खणलेली विहीर मात्र लॉराचे वडील चार्ल्स इंगल्स यांची मानली जाते. एक अवशेष, दुसरी प्रतिकृती. येणारी मुले मात्र प्रथम घराकडेच धावणार.

इंगल्स कुटुंब या भागात १८६९ ते १८७१ या काळात राहिले. तेव्हा लॉराचे वय दोन ते चार वर्षांचे होते. अर्थात कादंबरीतील पुष्कळसे चित्र वडीलधाऱ्यांकडून ऐकलेल्या हकिकतींतून, साठ-एक वर्षांनंतर आणि कन्या रोझ वाइल्डर लेन यांच्या संपादनसाहाय्याने सिद्ध झालेले आहे. कादंबरीत हे घर इंडिपेंडन्सपासून ४० मैलांवर आहे. ते अंतर प्रमाण मानले असते, तर शोध ओक्लाहोमात जाऊन पोचला असता. खरी जागा निश्चित झाली ती १८७० च्या जनगणनेच्या आधारे. सारांश, दस्तऐवजाने जागा दिली आणि कादंबरीने घर दिले. म्हणून ‘अगदी पुस्तकातल्यासारखे’ हा प्रेक्षकाचा उद्गार पुस्तकाच्या सत्यतेचा पुरावा ठरत नाही. येथे संहिताच संहितेची साक्ष देते.

या ठिकाणाबाबत ‘होमस्टेड’ ही संज्ञाही जपून वापरली पाहिजे. १८६२ च्या कायद्यान्वये १६० एकर सरकारी जमीन पाच वर्षांच्या वास्तव्यानंतर वसाहतकऱ्याच्या मालकीची होई. दक्षिण डकोटातील डी स्मेट येथे चार्ल्स इंगल्स यांनी १८८० मध्ये केलेला दावा या अर्थाने होमस्टेड होय. कॅन्ससमधील जमीन ते तेथे आले तेव्हा ओसेज जमातीची राखीव भूमी होती. तिच्या विक्रीची तरतूद करणारा कायदा १८७० साली झाला आणि ओसेजांना दक्षिणेकडे, आजच्या ओक्लाहोमात, जावे लागले. प्रतिकृतीच्या चार भिंतींत हा व्यवहार दिसत नाही.

कादंबरीत मात्र तो दिसतो, आणि तोही सरळ स्वरूपात नव्हे. आरंभीच्या एका वाक्यात या प्रदेशात ‘लोक’ नाहीत, केवळ इंडियन आहेत, अशा आशयाचे विधान होते. १९५२ साली एका वाचकाने आक्षेप घेतला. लेखिकेने चूक मान्य केली आणि १९५३ च्या आवृत्तीत ‘लोक’ या अर्थाच्या शब्दाच्या जागी ‘वसाहतकरी’ या अर्थाचा शब्द आला. अर्थविज्ञानाच्या दृष्टीने हा बदल लहान नाही. पहिल्या विधानात एक संपूर्ण समाज ‘लोक’ या पदाच्या व्याप्तीबाहेर पडतो. दुसऱ्यात दोन मानवी समूह समोरासमोर उभे राहतात. तथापि एका पदाच्या दुरुस्तीने कथनाचा दृष्टिकोन बदलत नाही. ओसेजांविषयीची भीती आणि तिरस्कार पात्रांच्या मुखी तसेच राहिले.

याच कथनात आणखी एक गोष्ट आहे. इंडियन येथे राहतात, तर त्यांना जावे का लागेल, असे लहानगी लॉरा वडिलांना विचारते आणि वडील तिला गप्प करून झोपावयास सांगतात. उत्तर न मिळालेला हा प्रश्नच कृतीचे नैतिक केंद्र आहे. शिवाय कादंबरीच्या अखेरीस घर सोडावे लागते. ग्रंथात कारण दिले आहे ते सैन्य हुसकावून लावील या भीतीचे. चरित्रकार सांगतात ते विस्कॉन्सिनमधील जुन्या घराचा खरेदीदार पैसे देऊ न शकल्याचे. कारण कोणतेही असो, कादंबरीतील घर हे सोडलेले घर आहे. माळावरील प्रतिकृती मात्र कायम उभी आहे आणि त्यामुळे कादंबरीने नाकारलेले स्थैर्य ती वाचकाच्या पदरात टाकते.

२०१८ साली अमेरिकेतील बालग्रंथपालांच्या संघटनेने आपल्या वाङ्मयीन पुरस्कारावरून वाइल्डर यांचे नाव वगळले. त्यानंतरचा वाद ‘वाचावे की न वाचावे’ एवढ्यातच अडकला. प्रतिकृतीचे निरीक्षण याहून उपयुक्त दिशा दाखवते. खोलीचा तोकडा आकार, ओंडक्यांची बांधणी, चहूकडचा उघडा माळ यांतून कष्टांची कल्पना येते आणि ती खोटी नाही. परंतु घर प्रश्न विचारू शकत नाही. तो मुलीच्या तोंडून ग्रंथच विचारतो. म्हणून अशा भेटीने वाचन पुरे होत नाही. घर पाहून परतलेल्या वाचकाला, विशेषतः बालवाचकाला, तो प्रश्न पुन्हा वाचावयास लावणे हे अध्यापकाचे आणि समीक्षकाचे काम उरतेच.