धातुपत्र्यावरील ध्रुवीय छायाचित्रे : एक अर्थविचार

दक्षिण ध्रुवाकडील शोधमोहिमांची जुनी छायाचित्रे आणि त्या मोहिमांवरील चित्रपटांतील दृश्ये अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर छापून दिवाणखान्याच्या शोभेसाठी विकली जातात. हर्बर्ट पाँटिंग याने स्कॉटच्या १९१० ते १९१३ च्या मोहिमेत आणि फ्रँक हर्ली याने शॅकल्टनच्या १९१४ ते १९१७ च्या मोहिमेत घेतलेली चित्रे या व्यवहाराचे मुख्य भांडवल होय. जेथे माणसे उपासाने व थंडीने मेली त्या प्रदेशाची शोभावस्तू करणे अनुचित, हा आक्षेप सहज सुचतो. पण तो वाटतो तितका भक्कम नाही. १९१३ च्या डिसेंबरात लंडनच्या फाइन आर्ट सोसायटीत पाँटिंगने आपल्या चित्रांचे प्रदर्शन मांडले. तेथील मोठ्या कार्बन प्रती भिंतीवर लावण्याजोग्याच होत्या व त्या विक्रीस होत्या. स्कॉटच्या मृत्यूची वार्ता जगास कळून तेव्हा वर्षही लोटले नव्हते. धातू हे माध्यमही छायाचित्रणाला परके नव्हे. १८३९ साली जाहीर झालेली दागेरची प्रतिमा रुपेरी मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावरच उमटत असे. तेव्हा शोभा आणि धातू या दोहोंवर दोष ठेवता येत नाही. तो अन्यत्र शोधावयास हवा.

या पत्र्यांची कृती प्रथम पाहण्याजोगी आहे. चित्र विशिष्ट रंगद्रव्यांनी कागदावर उलटे छापतात. मग तो कागद लेप दिलेल्या पत्र्यावर ठेवून सुमारे २०० अंश सेल्सियस तापमानाच्या यंत्रात दाबतात. उष्णतेने रंगद्रव्य द्रवरूप न होता एकदम वायुरूप होते, लेपात शिरते आणि निवताच तेथे स्थिरावते. या क्रियेस संप्लवन म्हणतात. ध्रुवप्रदेशाच्या कोरड्या वाऱ्यात बर्फही असेच न वितळता नाहीसे होते, हा योगायोग गमतीचा खरा. सामान्यतः या छपाईत पांढरे रंगद्रव्य नसतेच. लेप पांढरा असेल तर चित्रातील पांढरेपणा त्या लेपाचा. लेप पारदर्शक असेल तर तेथे उघडा धातूच दिसतो. म्हणजे या दुसऱ्या प्रकारात चित्राचा जो मुख्य विषय, बर्फ, तोच नेमका छापलेला नसतो. खोलीतील दिवा हलविला की हिमप्रदेशातील उजेड हलतो. पाँटिंगने ५ जानेवारी १९११ रोजी हिमनगातील गुहेचे जे प्रसिद्ध छायाचित्र घेतले, त्यात गुहेच्या तोंडाशी टेलर व राइट उभे आहेत आणि दूरवर टेरा नोव्हा हे जहाज दिसते. आतील अंधार व बाहेरील प्रकाश यांमधल्या करड्या छटांतूनच तेथे बर्फाची जाडी प्रतीत होते. चकाकत्या पत्र्यावर याच छटा आधी बुडतात.

तथापि याहून मोठी हानी शब्दांची आहे. ही चित्रे प्रथमपासून बोलण्याच्या सोबतीने लोकांपुढे आली. १९१४ साली पाँटिंग लंडनमध्ये ती पडद्यावर दाखवून स्वतः व्याख्यान देत असे; १९२४ च्या ‘द ग्रेट व्हाइट सायलेन्स’ या मूकपटात दृश्यांमध्ये अक्षरपाट्या आहेत; १९३३ च्या ‘नाइन्टी डिग्रीज साउथ’ या बोलपटात त्याचाच आवाज आहे. खुद्द मोहिमेतील मंडळींनीही या कलेला एक शब्द बहाल केला होता. पाँटिंगच्या नावावरून त्यांनी ‘पाँट’ असे क्रियापदच बनविले होते. गैरसोयीच्या जागी, कॅमेऱ्यापुढे, गारठेपर्यंत ठरावीक पवित्र्यात उभे राहणे, असा त्याचा अर्थ. चित्रातील निश्चलता कमावलेली आहे हे चित्रातील माणसे जाणून होती, आणि त्यांच्या भाषेने तशी नोंदही केली.

वाक्य खरे किंवा खोटे ठरते. सुटा शब्द यांपैकी काहीच ठरत नाही. छायाचित्राखाली नाव, स्थळ व दिनांक आले की ते वाक्याच्या पदवीस चढते. ते काही प्रतिपादन करते आणि त्यामुळे तपासताही येते. पत्र्यावर ही ओळ बहुधा नसतेच. मग विधानाचे विशेषण होते. २७ ऑगस्ट १९१५ च्या ध्रुवीय रात्री हर्लीने सुमारे वीस ठिकाणी प्रकाशाचे स्फोट करून बर्फात अडकलेल्या एन्ड्युरन्स जहाजाचे चित्र घेतले. दिनांक माहीत असेल तर प्रेक्षकास कळते की जहाज सोडून देण्यास (२७ ऑक्टोबर) अजून दोन महिने आहेत. दिनांक नसेल तर ते कोणतेही भुताळी जहाज.

चित्राखालची ओळ नेहमी खरी असते, असे मात्र कोणी समजू नये. २४ एप्रिल १९१६ रोजी जेम्स केअर्ड ही नौका मदत आणण्यासाठी एलिफंट बेटावरून निघाली. त्या निरोपाच्या छायाचित्रात फेरफार करून हर्लीने ते ३० ऑगस्टच्या सुटकेचे म्हणून पुढे केले. पाँटिंगच्या चित्रपटातही स्कॉट, विल्सन, बॉवर्स व एडगर एव्हान्स घसरगाडी ओढताना आणि तंबूत जेवताना दिसतात. ते प्रात्यक्षिक मुख्य तळाच्या परिसरात खास चित्रणासाठी केलेले होते. ओट्स त्यात नाही. ही दृश्ये सुटी काढून पत्र्यावर आणली की ध्रुवाच्या वाटचालीची म्हणूनच ओळखली जाणार. येथे फरक ध्यानात घ्यावा : हर्लीचे असत्य पकडले गेले, कारण त्याने विधान केले होते. निःशब्द पत्र्याला खोटेही बोलता येत नाही, आणि म्हणून त्याला कोणी हटकूही शकत नाही. हे निर्दोषत्व फार स्वस्त आहे.

हर्लीच्या बाबतीत तर ते अधिक खुपते. बुडत्या जहाजातील गोठत्या पाण्यात उतरून त्याने निगेटिव्हांचे झाळलेले डबे बाहेर काढले. ९ नोव्हेंबर १९१५ रोजी शॅकल्टनसह बसून त्याने सुमारे १२० काचा ठेवल्या आणि सुमारे ४०० बर्फावर फोडल्या. पुढे एक खिशातला कॅमेरा व तीन फिती एवढेच साहित्य त्याच्यापाशी उरले. कोणती काच ठेवावी हा त्या दिवशीचा निर्णय वजनाचा होता, तसाच कथनाचाही होता. त्या निवडीतून उरलेले चित्र आज सोफ्याच्या रंगाशी जुळते की नाही यावरून पुन्हा निवडले जाते.

१८ जानेवारी १९१२ चे ध्रुवावरील छायाचित्र या सर्वांहून वेगळे आहे. पाँटिंग तेथे नव्हता. डावीकडे बसलेल्या बॉवर्सने दोरी ओढून पाचही जणांचे चित्र घेतले. फिल्म मात्र त्या वर्षीच्या नोव्हेंबरात तंबूत मृतदेहांपाशी सापडली. मोठ्या आकारात छापले तर ती दोरी स्पष्ट दिसते, आणि पत्र्यावरची छपाई या कामी उपकारकच ठरेल. मात्र दोरी कोणी, कधी ओढली हे लिहावे लागेल. भिंतीची शोभा बिघडण्याचे भय असेल तर पत्र्याच्या पाठीमागे, टांगण्याच्या आकड्याखाली, दोन ओळींपुरती जागा असते.